तिसऱ्या ओळीतलं घड्याळ

जुलेखा,

कंपनीचा फोन आला. कुवेतचं विमान चार दिवस अलीकडे आलंय, उद्या पहाटेचंच आहे, म्हणून दुपारच्या गाडीने मुंबईला निघतोय. तुला फोन लावला, तर तो इथेच कपाटावर वाजला.

सुट्टीचे तीन दिवस मी त्या चिमुकल्या लॅपटॉपात डोकं घालून बसलो, म्हणून चिडून तू अमनला घेऊन एकटीच राजापूरला अम्मींकडे गेलीस. चूक माझीच. यायला हवं होतं.

लॅपटॉप टेबलावर आहे. चालू केलास की काळ्या पडद्यावर तीन ओळी येतील. पहिलीत जुनं विंडोज आहे, त्यात माझे कामाचे कागद. दुसरीत अमनचे खेळ. तिसरी तुझी, सगळी मराठीत. बाणाने खाली जा आणि एंटर दाब. दहा सेकंदांत दाबलं नाहीस तर तो आपला पहिलीतच शिरतो.

तिन्हींची घड्याळं जुळत नव्हती. एक लावलं की दुसरं साडेपाच तास पुढे पळायचं. माझे दोन दिवस त्यातच गेले. आता पहिली दोन बरोबर आहेत. तुझ्यातलं अडीच तास मागे दिसेल. अमनला ते नीट करू देऊ नकोस.

तू इथलं जेवण आटोपून फोन करतेस, तेव्हा मी कामावर असतो. उचलत नाही, की तुला वाटतं टाळतोय. त्या घड्याळात एक वाजला की माझी जेवणाची सुट्टी होते. तेव्हा कर.

ते बिघडलेलं नाही. ते माझं घड्याळ आहे.

मुश्ताक