बाटलीतली लाल रेघ

१२ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रातून किरण निघतात हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल गिऱ्हाइकाच्या कोटाला बटणं उलट्या बाजूला लावली. तुझी आई म्हणाली, पोरीची सोडा, आता कोटाची काळजी करा. तिला हसायला काय जातंय?

महिनाअखेर प्रयोग जमला नाही तर तुझ्या मॅडम काम दुसऱ्याला देणार, असं लिहिलंस. देऊ देत. घरी ये. तुझी खोली झाडून ठेवलीय.

पत्र पाठव, म्हणजे झोप लागेल.
बाबा

१९ जून

ती. बाबांस सा. न.

यंत्र पुरुषभर जाड भिंतीपलीकडे असतं आणि ते चालू असताना दार उघडतच नाही. किरण पडलेली बाटली स्वतः किरण सोडत नाही. उन्हात वाळलेला सदरा रात्री उजेड देतो का?

काम तुमच्याच धंद्यातलं आहे. पाण्यात लांब धाग्यांसारखं एक रसायन विरघळवायचं. किरण त्या धाग्यांना गाठी मारतात. धागे दाटीत असले की एकमेकांत अडकतात आणि बाटलीभर जेली होते. विरळ असले की एकेक धागा स्वतःशीच गुंतून डोळ्याला न दिसणारा गोळा होतो. त्याला नॅनोजेल म्हणतात. त्यात औषध भरून डोळ्यात थेंब टाकला, की ते हळूहळू सुटावं, हा बेत.

आजवर माझी जेलीच झाली. या खेपेला धागे फार विरळ केलेत, मोजणी बाकी आहे. त्यातली एक बाटली पाठवतेय, तुमची भीती जावी म्हणून.

लोभ आहेच, थोडा विश्वासही असू द्या.
बारकी

२४ जून

चि. बारकीस आशीर्वाद.

बाटली पोचली. मी ती अंगणात बादलीखाली ठेवली होती. तुझ्या आईने उचलून थेट शिलाई मशीनवर आणून ठेवली आणि म्हणाली, बसा आता दोघं.

बाळा, आत नुसतं पाणी आहे. जेली निदान दिसली तरी असती. हिरमुसू नकोस. तुझी गादी उन्हात टाकलीय.

बाबा

२८ जून

ती. बाबांस सा. न.

गादी आत घ्या. पाण्यासारखंच दिसायला हवं होतं, बाबा! मोजणी झाली. सगळे गोळे एका मापाचे, जेलीचा कणही नाही. मॅडमनी स्वतः पुन्हा मोजलं आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. काम माझ्याकडेच राहिलं.

पटत नसेल तर शेजारच्या मास्तरांचा लाल लेझर आणा. अंधारात माझ्या बाटलीतून झोत सोडा, मग गाळलेल्या पाण्यातून. गोळे डोळ्याला दिसत नसले, तरी अंगावर पडलेला उजेड चहूकडे उधळतात.

तुमची, अजून घरी न येणारी,
बारकी

३ जुलै

चि. बारकीस अनेक अनेक आशीर्वाद.

खिडकीला कोटाचं काळं अस्तर लावून अंधार केला. पाण्यात काही दिसेना. तुझ्या बाटलीत मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ, ताणलेल्या दोऱ्यासारखी. मास्तर म्हणाले, या लेझरने आजवर फक्त फळा पाहिला होता. मग निम्मी गल्ली बघून गेली. मी चौथी शिकलेला माणूस सगळ्यांना गाठी समजावत होतो. तुझ्या आईच्या मते निम्म्या चुकल्या, पण डोळे तिचेच भरले होते.

आता काळजी एवढीच, की या गर्दीत बाटली फुटायला नको.

तुझ्या खोलीत मी कापडाचे तागे रचलेत. येशील तेव्हा चार दिवस पाहुणी म्हणून ये, आणि पाचव्या दिवशी कामावर जा.

बाबा