दहा आधी, नऊ शेवटी

रविवार, संध्याकाळ. चांदे.

जेवण गेलंच नाही. आज शाळेतल्या डोळ्यांच्या शिबिरात नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. टोकन नंबर आणि नावांच्या ओळी क्रमाने लावायला मी छोटी बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली होती. तिने लावल्या तशी पुकारत गेले. शेजारच्या कोंडाकाकींच्या मुठीत नऊ नंबरचं टोकन. सत्तावीस पुकारला तेव्हा त्या उठून आल्या.

"पोरी, माजा नऊ हाय न्हवं?"

"काकी, कॉम्प्युटर चुकत नाही. बसा."

मागून बाबा हसले. "बसा वयनी, आमच्या घरातली पयली ग्रॅज्युएट हाय ती!"

मग मी स्क्रीन नीट पाहिली. फाइल आकड्यांना अक्षरांसारखं वाचत होती. आधी पहिला अंक बघून तिने एकच्या मागे दहा, अकरा लावले होते आणि नऊ सगळ्यांच्या शेवटी. तेव्हाच बोलायला हवं होतं. का नाही बोलले? बाबा बघत होते म्हणून? हो, म्हणूनच.

नऊची पाळी यायच्या आधीच दुपारी डॉक्टर निघून गेले. काकी तशाच बसलेल्या, टोकन मुठीत. जाताना म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई, माजंच कायतरी चुकलं आसंल."

आणि मी मान डोलावली. डोलावली!

आता एकअंकी आकड्यांच्या आधी शून्य लावलं, ०९ दहाच्या आधी आला, फाइल सुधारली. किती सोपं होतं. बाहेर ओट्यावर बाबा अजून कुणाला तरी माझं कौतुक सांगताहेत.

काकींकडे आत्ताच जायचं. एकटीने नाही. बाबांना बरोबर घेऊन.