जानेवारीत ठरलेलं पाणी

प्रिय आई,

एप्रिल अर्धासुद्धा झालेला नाही आणि सकाळी नऊला खिडकीच्या काचेला हात लावता येत नाही. तू गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. परवापर्यंत जे मी बाबांनाही सांगितलं नव्हतं, ते आज तुला लिहिते आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत तुला दवाखान्यात नेलं तेव्हा पाय सुजले होते, तीन उशा लावूनही तुला आडवं होता येत नव्हतं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. लघवीची गोळी, बीपीच्या दोन गोळ्या आणि दिवसाला दीड लिटर पाणी. चहा, वरण, ताक सगळं त्यातच धरून. मी बँकेतली बाई, नियम म्हणजे नियम. रोज सकाळी बाटली मोजून भरायची, तुझं वजन घ्यायचं. महिन्याभरात सूज उतरली. इथल्या निशातगंजच्या बाजारात जाऊन तू भाजीवाल्याशी तुझ्या सातारी हिंदीत भांडलीससुद्धा. "भैया, ये भेंडी बहुत जून है." तो म्हणाला, "माताजी, अभी तो फरवरी है." किती हसलो आपण. मला वाटलं, जिंकलो.

मग मे आला. आपण या घरात आलो तेव्हा संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं की खोल्या निवायच्या, आठवतं? आता सकाळी उठल्यावरही भिंती कोमट. त्यात वीज जायची, कूलर बंद पडायचा. तू घामाने निथळत बसायचीस.

"मंजू, अर्धं भांडं पाणी दे गं."

"आई, संध्याकाळपर्यंत पुरवायचंय."

"घसा चिकटतोय."

"परत पाय सुजायला हवेत का?"

हातातलं भांडं तू खाली ठेवलंस. जन्मभर माझं काही म्हणून ऐकलं नाहीस, मग नेमकं तेव्हाच का ऐकलंस?

तुझं वजन उतरत होतं. मी कौतुकाने बाबांना दाखवलं, "बघा, सूज कशी गेली." उठताना तुला घेरी यायची, दुपारपर्यंत लघवीला जावं लागत नव्हतं. हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. खालच्या मजल्यावरच्या मिश्रा आंटी पापड द्यायला वर आल्या, तुला बघून म्हणाल्या, "बिटिया, इनका तो मुँह सूख रहा है. डॉक्टर से एक बार पूछ लो."

"आंटी, डॉक्टर ने ही लिखा है," मी म्हणाले. जरा तुटकच.

गुरुवारी सकाळी तू मला सुमन म्हणून हाक मारलीस. तुझ्या बहिणीच्या नावाने. बाबा म्हणाले, "उन्हाचं आहे. पडू दे तिला जरा." आणि मी डबा घेऊन बँकेत गेले. आई, मी गेले. अकरा वाजता बाबांचा फोन आला, तू मोरीपाशी पडली होतीस.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, "पानी कितना दे रही थीं?"

"डेढ़ लीटर. एक बूँद ज़्यादा नहीं." हे मी अभिमानाने सांगितलं.

"और पेशाब की गोली?"

"पूरी."

तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मैडम, वो जाड़े का हिसाब था."

हिवाळ्यातला हिशेब मी भर उन्हाळ्यात चालवला होता. घामातून पाणी जात होतं, उरलेलं गोळी काढून टाकत होती. मूत्रपिंडं कोरडी पडली होती. बाबा तेव्हा औषधं आणायला गेले होते, त्यांनी हे ऐकलं नाही. सलाइन लावलं, पण तुझ्या हृदयाला तेही झेपेना. चौथ्या दिवशी तू गेलीस.

नंतर मी हृदयाच्या डॉक्टरांकडे भांडायला गेले. ते स्वतःच म्हणाले, "मुझे मार्च में बुला लेना चाहिए था. गर्मी अब पहले जैसी नहीं रही, और हम पर्चा वही पुराना लिखते हैं." भांडण तिथेच संपलं. राग धरायला उरले ती मीच.

परवा मिश्रा अंकल दवाखान्यातून घरी आले. तुझंच दुखणं, तशाच गोळ्या. मी भेटायला खाली गेले, तर आंटींनी त्यांचा कागद माझ्यापुढे धरला. "तुम्हें तो सब आता है, बिटिया." मी कागद हातात घेतला. मग सगळं सांगितलं: घेरी, उतरणारं वजन, तू मागितलेलं पाणी. बाबा दारात येऊन उभे होते, ते मला उशिरा दिसलं.

ते आत आले. अंकलना म्हणाले, "चलिए, आज ही दिखा आते हैं." डॉक्टरांनी अंकलची गोळी अर्ध्यावर आणली, पाणी वाढवून दिलं, आणि वजन भराभर घटलं तरी फोन करा म्हणाले. परतताना जिन्यात बाबा थांबले. कठड्याला धरून म्हणाले, "मंजू, त्या सकाळी 'पडू दे तिला' असं मीच म्हणालो होतो. वर्षभर मी हेच घेऊन बसलोय."

आई, आम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळे बसलो होतो गं. काल पहिल्यांदा एकत्र जेवताना तुझं नाव निघालं.

तुला एक शब्द देते. दर होळीनंतर बाबांच्या बीपीच्या गोळ्या घेऊन मी डॉक्टरांकडे जाईन, कुणी बोलावलं नाही तरी. आणि आपल्या माणसाने काही मागितलं, तर आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघेन, कागदाकडे मग.

तुझी,
मंजू