सातवीपर्यंतची शाळा

मंगळवार, संध्याकाळ. मलकपेठ, ताईचं घर.

चिमी आता सहावीत जाणार. तिची नारायणगुड्याची मराठी शाळा सातवीपर्यंतच. तिथंच ठेवायचं, की आत्ताच दहावीपर्यंतच्या मोठ्या शाळेत घालायचं? चहा पितानाही ताई-भाऊजींचं तेच. शाळेतून आलेली चिमी बूटही न काढता ऐकत बसलेली. खाली कुणीतरी मिरची भजी तळत होतं, माझं निम्मं लक्ष तिकडं. पण उरलेलं तिच्या त्या बुटांवर...

ताई म्हणाली, "तू विचार तिला. मामाचं ऐकते ती."

मला काय कळतं? चार शाळा बदलून मी कुठं पोचलो!

"राहा की दोन वर्षं," मी म्हणालो. "मैत्रिणी हैत."

"नक्को मामा. आत्ताच काढा. दोन वर्षांनी त्या अजून आवडतील."

ताई कप घेऊन आत गेली. बराच वेळ नुसता नळ वाहत होता.