करा कोण धरणार?

सांगली,
४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपालीस,

कस्तुरी आत्तीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. सोबत माझ्या लेकीच्या, आपल्या त्रिशलाच्या लग्नाची पत्रिका आहे. प्रकृती बघून, जमेल तसं ये. करवली म्हणून त्रिशलाच्या मागे पाण्याचा करा धरून उभं राहायचं काम यांनी, म्हणजे तुझ्या मामांनी, आमच्या सुनेच्या बहिणीला सांगितलं आहे. चारचौघांत तुला अवघड व्हायला नको, एवढाच हेतू. तुझ्यासाठी वरची खोली वेगळी ठेवली आहे. दमलीस तर तिथे पडून राहा. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तब्येत जप.

तुझी,
कस्तुरी आत्ती


सातारा,
११ नोव्हेंबर २०२४

ती. कस्तुरी आत्तीस,

दीपालीचा जय जिनेंद्र आणि सा. न. वि. वि. पत्रिका मिळाली. पत्रही मिळालं, पण ते नक्की तूच लिहिलंस ना? मी सही पुन्हा पुन्हा पाहिली. माझी आत्ती मला जन्मभर 'टकळी' म्हणत आली, आणि या बाईंना माझ्या प्रकृतीची काळजी. फोन करणार होते, पण मामा तो स्पीकरवर टाकून दारातल्या ओट्यावर बसतात आणि निम्मी गल्ली मला जय जिनेंद्र घालते. म्हणून हा कागद.

सोबत एक पुस्तक पाठवतेय. स्वतःवर झालेल्या बलात्काराबद्दल आणि त्यानंतरच्या वर्षांबद्दल एका बाईनं आपल्या नावानिशी लिहिलंय. घाबरू नकोस. कंपनीतल्या त्या माणसानं माझ्यावर जबरदस्ती केली त्याला दोन वर्षं झाली. मी तक्रार केली, कोर्टात उभी राहिले, नोकरी बदलली. घरात मात्र अजून 'तो प्रकार' असंच म्हणतात, तेही कुजबुजत. पुस्तकातल्या बाईचे आजोबा तिच्याशी कॅरम खेळताना कायम लबाडी करायचे. त्या घटनेनंतर ते मुद्दाम हरायला लागले. ते पान वाचून मी फार रडले, आत्ती. आमच्याकडे माझी खारट आमटी सगळे गुमान ओरपतात. आई तर पुन्हा मागून घेते.

मला आता कुणी साधं चिडवतसुद्धा नाही गं. त्यात करवलीचा मानही गेला. मला वरची खोली नको, करा हवाय. पुस्तक वाच आणि मग काय ते ठरव.

लोभ असावा, पण असा जपून जपून नको.

तुझी,
दीपाली


सांगली,
२० नोव्हेंबर २०२४

चि. टकळीस,

आत्तीचे आशीर्वाद आणि थोडा राग. तुझ्या पुस्तकापायी मामा उपाशी झोपले. दुपारी भांडी आवरून वाचायला बसले ती उठलेच नाही. मान वर केली तेव्हा दिवस मावळला होता आणि कुकरसुद्धा लावलेला नव्हता. आता दिवस मावळल्यावर आपल्यात कोण जेवतंय? मामांनी रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रडत होते, म्हणून बिचारे भुकेचं बोलले नाहीत, पुस्तक कसलं तेवढं विचारलं. त्यांना चष्मा कधी सापडतो का? मग मीच मोठ्यानं वाचून दाखवलं.

तो शब्द आला तिथे अडखळले. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांच्यासमोर तो कधी तोंडातून काढला नव्हता. आज लिहितेही आहे. तुझ्यावर बलात्कार झाला, बाळ. लाज वाटायला हवी त्या माणसाला, आणि आवाज खाली केला आम्ही, तोही तुझ्यासमोर. याचं मला फार वाईट वाटतं.

कॅरमचं पान ऐकून मामा उठून ओट्यावर गेले. बऱ्याच वेळानं आत आले आणि म्हणाले, "करा दीपीच धरंल. मीच उगं लय शानपणा केला." सुनेच्या बहिणीला मी लगेच कळवलं. तिला म्हणे उंच टाचांवर एवढा वेळ उभं राहायची धास्ती होती, त्यामुळे खूश झाली.

आता माझं ऐक. आमच्या धरणेंद्रच्या लग्नात बडबडीच्या नादात करा कलंडवून तू लग्न लावणाऱ्या उपाध्येंचं धोतर भिजवलंस, ते अजून कुणी विसरलेलं नाही. यंदा त्यांना जादा धोतर आणायला सांगितलंय. वरच्या खोलीत लाडवांचे डबे ठेवलेत, तुला खाली बायकांतच दाटीवाटीनं झोपायचंय. आणि भाकरीला हात लावायचा नाही. मागे तुझी भाकरी ताटात पडल्यावर मामांनी हा कुठल्या तालुक्याचा नकाशा म्हणून विचारलं होतं.

लोभ आहे तेवढा आहे, जपून मिळणार नाही.

तुझी,
कस्तुरी आत्ती


सातारा,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्तीस,

टकळीचा सा. न. वि. वि. पत्र वाचत तालुक्यापर्यंत आले आणि मला हसू आवरेना. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मी रडतेय. माझं मोठ्यानं हसणं तिच्या ओळखीचंच राहिलं नव्हतं. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं. त्या शब्दापाशी थांबली, पदरानं डोळे पुसले आणि पुढे वाचत गेली. वाचून झाल्यावर आत निघून गेली.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो. आमटी मी केली होती. आईनं एक घास घेतला, वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "दीपे, किती गं मीठ घातलंस? कोण खाणार ही आमटी?"

आत्ती, फार दिवसांनी मी पोटभर जेवले.

करा घट्ट धरीन. धोतराची मात्र हमी देत नाही.

तुझीच,
टकळी