नसलेल्या अकरावीच्या नावे

आम्ही, बफेलो येथील सेंट पोलिकार्प मुलांच्या शाळेचा बारावीचा वर्ग, एकंदर डोकी एकोणीस, धर्म कॅथलिक, धंदा शिक्षण (नाइलाजाने), उद्या शनिवारी पदवीदान होऊन वर्ग या नात्याने मरण पावणार आहोत. तत्पूर्वी हे लिहून ठेवतो. आमची बुद्धी शाबूत आहे. क्लेटस डुडेकच्या बुद्धीबद्दल दुमत होते, पण मतदानात तो बहुमताबरोबर गेला. आम्हाला कोणी धाक घातलेला नाही की दारू पाजलेली नाही. शुक्रवारी आम्हा कॅथलिकांना मांस वर्ज्य असल्याने मासे तेवढे खाऊ घातले आहेत, आणि त्यांचा परिणाम रात्रीपर्यंत दिसणार नाही.

लिहिणारा मी, जेरोम मार्सिनियाक, वर्गाचा चिटणीस. माझी आई एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट आहे. आमच्या घरी मीठ मागतानासुद्धा 'सबब' म्हणतात, म्हणून हे लोढणे माझ्या गळ्यात पडले.

बारावीने जाताना आपली चीजवस्तू अकरावीला लिहून द्यायची आणि ते मृत्युपत्र सभागृहात मोठ्याने वाचायचे, अशी या शाळेची जुनी रीत आहे. यंदा अडचण एवढीच की अकरावी नाही. दहावी नाही, नववीही नाही. आम्ही भरती झालो आणि बिशपसाहेबांनी मागे दार लावून घेतले. तेव्हापासून दर वर्षी वरचा एक वर्ग गळत गेला आणि खालून कोणी आले नाही. उद्यानंतर इमारत एका गालिचे विकणाऱ्याकडे जाईल. आमचे मुख्याध्यापक फादर किन्सेला मला म्हणाले, "अरे, ऐकायला कुणी नाही तर वाचतोस कुणासाठी?" त्यांच्या रविवारच्या प्रवचनाला हा नियम कोणी लावत नाही, म्हणून आम्हीही लावून घेतला नाही.

कलम १. हिरव्या टोप्या. सर्वात खालच्या वर्गाने हिरवी टोपी घालावी, पायऱ्यांवरचा बर्फ उपसावा आणि थोरल्यांची ताटे उचलावीत, असा नियम आहे. नियमात 'नववी' असे म्हटलेले नाही, 'सर्वात खालचा वर्ग' असे म्हटले आहे. सबब आम्ही चारही वर्षे टोपी घातली. यंदा तर आम्ही सर्वात थोरले झालो आणि सर्वात धाकटेही राहिलो. थोरल्यांनी धाकट्यांना छळायची रीत आपल्या हातून मोडू नये म्हणून सोमवारी निम्म्यांनी निम्म्यांना छळले, मंगळवारी उलट. विषम संख्येमुळे डुडेक एकटा उरायचा. तो स्वतःच स्वतःला बर्फ उपसायला पिटाळायचा आणि येताना थोरल्यांच्या नावाने बोटे मोडायचा. टोप्या अकरावीला द्याव्यात. फावडे, ज्याची मूठ निसटते, ते गालिचेवाल्याला. नोव्हेंबरात बर्फ पडू लागला की त्याला आमची आठवण येईल.

कलम २. ट्यूबा, म्हणजे बँडमध्ये उरलेले एकमेव वाद्य, रस्त्यापलीकडच्या मुलींच्या शाळेला द्यावा. चार वर्षे त्यांनी त्याची तक्रार केली. आता स्वतः वाजवून बघा म्हणावे.

कलम ३. भोजनगृहाच्या मिसेस वोझ्नी यांच्या हातच्या कोबीच्या पिएरोगींवर, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांवर, आमचा जो जीव आहे तो त्यांच्याचकडे राहील. त्यांच्या माशांबद्दल आम्ही त्यांना माफ केले आहे.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता आणि मुख्य भांडण.

कचेरीबाहेर ओक लाकडाची वर्गाभिमानाची ढाल टांगलेली आहे. वर्षभराच्या चढाओढीत जो वर्ग जिंकेल त्याचे नाव तिच्यावर पितळी पट्टीवर कोरतात. शेवटची एकच पट्टी कोरी होती. आम्ही नववीत चौघांत चौथे आलो, दहावीत तिघांत तिसरे, अकरावीत दोघांत दुसरे. यंदा आम्ही एकटेच होतो. इमारत जाणार, टोप्या जाणार. आम्ही इथे होतो हे सांगायला ती बोटभर पट्टी राहील, एवढीच आमची आशा होती. ढालीशेजारी फोटो काढायचा म्हणून डुडेकच्या आईने त्याला नवा कोट शिवला.

चढाओढीचे पंच ब्रदर लिअँडर. ते लॅटिन शिकवतात, वय ऐंशीच्या घरात. प्रत्येक वर्गाला सुरुवातीला शंभर गुण. मग उशीर, च्युइंगगम, बेसूर शाळागीत, जे दिसेल त्याचे गुण ते कापत जातात. सामन्याआधीच्या मेळाव्यात सभागृहाच्या चार कोपऱ्यांतून चार वर्गांनी पाळीपाळीने घोषणा द्यायच्या असतात. यंदा आम्ही आमच्या कोपऱ्यातून नरडे फुटेस्तोवर ओरडायचो आणि मग बाकी तीन कोपऱ्यांच्या पाळ्या होईपर्यंत ब्रदर सर्वांना शांत उभे ठेवायचे. आम्हाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

निकालाच्या दिवशी ब्रदर उभे राहिले आणि म्हणाले, "पहिला क्रमांक विभागून. अकरावी, दहावी आणि नववी. शंभरपैकी शंभर. पट्टी एकच आहे, म्हणून ज्येष्ठतेनं अकरावीचं नाव लागेल. चौथा क्रमांक, बारावी."

डुडेक नव्या कोटासकट उठला. "ब्रदर, पण अकरावीत कुणीच नाहीये!"

"म्हणून तर तिथं शिस्त आहे. बस खाली. मधे बोललास, दोन गुण वजा."

मी वकिली सुरू केली. "ब्रदर, मग ते वर्षभर गैरहजर होते. कापा की त्यांचेही गुण!"

"पालकांची चिठ्ठी असली की मी गुण कापत नाही, मार्सिनियाक. तुझ्याच आईनं किती आणून दिल्यात."

"त्यांची कुठंय चिठ्ठी?"

ब्रदरांनी झग्याच्या खिशातून प्रवेश बंद केल्याचा बिशपसाहेबांचा हुकूम काढला आणि आमच्यासमोर धरला. "ही बघ. सहीशिक्क्यासकट. याहून मोठा पालक आणतोस कुठून?"

"निदान घोषणा तरी दिल्या का त्यांनी?"

"तुमच्यासारख्या बेसूर तर नक्कीच नाही."

आम्ही भयंकर चिडलो. म्हणून या कलमात आधी असे लिहिले होते की, जो वर्ग ढाल जिंकू शकतो तो वारसाही खाऊ शकतो. सबब आमच्या भोगायच्या राहिलेल्या सर्व शिक्षा, प्रार्थनाघराची फुटलेली काच, अर्धवट सोडलेली लॅटिन भाषांतरे आणि ट्यूबात अडकलेले सॉसेज अकरावीने सव्याज स्वीकारावे. असा मसुदा घेऊन बुधवारी दुपारी मी ब्रदरांकडे गेलो. सभागृहात वाचायचे काहीही त्यांना आधी दाखवावे लागते.

ते अकरावीच्या रिकाम्या खोलीत होते. फळा क्रियापदांनी भरला होता आणि हातात खडू होता.

"दार हळू लाव," ते म्हणाले. "पोरं लिहिताहेत."

मी दार हळू लावले. त्यांनी मसुदा वाचला, सॉसेजपाशी हसले, आणि पुन्हा वरपासून वाचला.

"भांडलास चांगला," ते म्हणाले. "सोमवारी मला म्हाताऱ्या ब्रदरांच्या घरी नेताहेत. तिथं सगळे निवृत्त. बागेत बसायचं, सूप प्यायचं. फळा नाही, खडू नाही. कुणाला म्हणून उभं करायचं नाही रे."

"पण ब्रदर, वर्षभर खरा वर्ग आमचाच होता ना? आम्ही होतो ना इथं?"

"होतात की. आणि शनिवारी निघालात. पन्नास वर्षं बघतोय, सगळे शनिवारी निघतात. ही पोरं कुठं जात नाहीत."

मला रडू आले, हे मी चिटणीस या नात्याने नोंदवतो. मी मसुदा परत घेतला आणि खिडकीजवळच्या बाकाला वळसा घालून बाहेर पडलो, कारण तिथे कोणी बसले असेल तर धक्का लागू नये.

काल वर्गाची सभा झाली. "माझ्या आईनं कोट शिवलाय!" हे एकच वाक्य डुडेकने अर्धा तास वेगवेगळ्या सुरात सांगितले. मग पहिला हात त्यानेच वर केला. ठराव एकमताने झाला. सबब कलम ४ रद्द करून त्याऐवजी पुढील कलम वाचावे.

कलम ५. ढालीवरची शेवटची पट्टी अकरावीची. तिच्यावरचा आमचा हक्क आम्ही राजीखुशीने सोडला आहे. फार वाईट वाटले, पण सोडला.

सदर वारस वयाने अज्ञान असल्याने त्यांचा पालक म्हणून आम्ही ब्रदर लिअँडर यांना नेमत आहोत. वारस सज्ञान होईपर्यंत पालकास पद सोडता येणार नाही. कोणाही धर्माधिकाऱ्यास त्यांना निवृत्त मानता येणार नाही. पालक जेथे राहतील तेथे वारसांसाठी एक फळा, खडू आणि बाके पुरवावीत, आणि शिकवणी चालू असताना कोणी सूप घेऊन आत जाऊ नये. अंमलबजावणी फादर किन्सेला यांनी करावी.

हे कलम टाइप करताना आईने विचारले, "हे वारस सज्ञान कधी होणार?"

"होणारच नाहीत, आई."

"मग पक्कं आहे," ती म्हणाली आणि कार्बन बदलला. तिच्या साहेबांनी न वाचता शिक्का मारला. ते सगळ्यावर तसाच मारतात.

येणेप्रमाणे आमच्यामागे कोणी भांडू नये. भांडायचेच असेल तर पाळीपाळीने आणि सुरात भांडावे.

ठिकाण: बफेलो, सेंट पोलिकार्पचे भोजनगृह.
तारीख: ८ जून १९७३.

सही: जेरोम मार्सिनियाक, चिटणीस, स्वतःकरिता व इतर अठरा जणांकरिता.

साक्षीदार:
१. फादर एडमंड किन्सेला. "दोनदा वाचले. फळ्याचे बघतो."
२. मिसेस हेलेना वोझ्नी. "माशांबद्दलचे खोडा."

पालक: ब्रदर लिअँडर. "पालकत्व मान्य. पोरं गुणी आहेत. बारावीचीसुद्धा बरी होती."