डावा दाणा

१२ नोव्हें.
महिना झाला, आवाज बसलेलाच. जन्मभर भाजीच्या लिलावात हर्रास बोलतो, त्यानंच बसला असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. आज एटापल्लीहून जुन्या सोबत्याचा, रैनूभाऊचा फोन. "हॅलो, शेठ कुठी आहे? तुम्ही कोन बोलून राह्यले?"
मीच बोलून राहिलो होतो. दवाखाना गाठतो.

१५ नोव्हें.
डॉक्टरीणबाईंनी नाकातून दुर्बीण घातली. मग प्लास्टिकचा गळा हातात दिला. समोर ढाल, म्हणजे आपला कंठमणी. खाली अंगठी, मागून रुंद. तिच्या मागच्या काठावर दोन इवल्या कूर्चा, दाण्यासारख्या. स्वरतंतूंची मागची टोकं त्यांनाच बांधलेली. त्या फिरल्या की फट मिटते, आवाज निघतो. वर पानासारखं झाकण.
माझा डावा दाणा हलत नाही. तिथं गाठ आहे, तिचा तुकडा तपासायला पाठवला.
बायकोला, कुसुमला, सांगितलं, सूज आहे.

रविवार
खाटकाकडून मटणासोबत बोकडाचं नरडं मागून आणलं. ओट्यावर साफ केलं. ढाल, अंगठी, दोन दाणे, सगळं जागच्या जागी. नळीत सायकलचा पंप खुपसला, दाणे चिमटीत जवळ धरून हवा मारली. बोकड बोलला! डावा सोडला. नुसती हवा.
बायको दारात. "जिता होता तवा बोलला नसन एवढा. सूज पाहून राह्यले का?"
सांगितलं सगळं. तिनं सुरी धुतली.

२४ नोव्हें.
रिपोर्ट आला. गाठ वाईट. ऑपरेशन नागपूरला. बाई म्हणाल्या, "अंगठी आणि उजवी कूर्चा राखता आली तर घोगरं का होईना, बोलाल. अंगठीत शिरली असेल, तर पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल." स्कॅनमध्ये शंका आहे. नक्की कधी कळेल? "उघडल्यावर."
दोन्ही ऑपरेशनांना सही दिली.

२८ नोव्हें.
आमच्या अडतीत, दलालीच्या दुकानात, दिवसाचा पहिला ढीग मालकानं बोलायचा. दीड महिना मुनीमच बोलत होता. आज मी उभा राहिलो. वांगी. तोंड उघडलं, काही निघेना. हमालांनी गाड्या थांबवल्या. मंडी चूप झालेली पहिल्यांदाच ऐकली.
मागून मूल गावचा भाजीवाला मधुकर, "आरामात बोला शेठ, वांगे पळून नाई चालले!"
हसू आलं, हसण्यातच भाव निघाला. ढीग गेला.

२९, नागपूर, संध्याकाळ
उद्या सकाळी ऑपरेशन. कुसुम म्हणाली, "काही बोलाचं असन तं बोलून घ्या." पाण्याची बाटली दे, म्हणालो. दिली. मग माझ्या गळ्यावर, ढालीवर, बोट टेकवून म्हणाली,
"अजून काही मागा."